वाचून कायम

फाट्यावरच्या लोखंडी चौकटीला नवा फ्लेक्स लागला होता. कांताबाईनं तो ॲपे रिक्षातूनच पाहिला आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "थांबव रे, थांबव!"

ॲपेत चौदा बाया कोंबलेल्या. ड्रायव्हरला वाटलं, कोणाचा पदर चाकात गेला. त्यानं करकचून ब्रेक मारला. बाया एकमेकींच्या अंगावर आदळल्या, डबे खणखणले, शिव्या निघाल्या.

"काय झालं वो बुढे?" मागून कोणीतरी कावली.

"माही मैत्रेयी हाय थ्या बोर्डावर!"

त्या चौकटीवर आजवर दोनच तऱ्हेची माणसं चढली होती. एक वाढदिवसवाली आणि दुसरी मेलेली. कांताबाईच्या घरातलं कोणी कधी तिथं चढेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती खाली उतरली. कमरेला कापूस वेचायची ओटी तशीच बांधलेली. मान वर करून ती उभी राहिली. वर कोण्या शहरातल्या साहेबाचा हात जोडलेला मोठा फोटो, बाजूला जाडजूड अक्षरांची ओळ, आणि खाली शाळेची सहा लेकरं. दुसऱ्या रांगेत तिची नात. निळा फ्रॉक, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले.

फोटोखालचं नाव ती वाचू लागली. "मै... त्रे... यी." तीन मात्रा आणि एक जोडाक्षर. ते जोडाक्षर शिकायला तिला एक आख्खा पावसाळा लागला होता. नाव पुरं झालं तसा तिचा ऊर भरून आला. पुढं वाचायची गरजच राहिली नाही.

टपरीवरून तिनं गोळ्यांचा पुडा घेतला आणि ॲपेतल्या एकेकीच्या हातावर एकेक गोळी ठेवली. ड्रायव्हरलाही दिली. हंसाबाई कडेला बसली होती. नववीपर्यंत शिकलेली, ॲपेतल्या बायांत तीच काय ती भरभर वाचणारी. तिनं फ्लेक्सकडं पाहिलं, मग कांताबाईकडं पाहिलं. गोळी घेतली आणि तोंडात न टाकता कमरेला खोचली.

दिवसभर त्या वेचत होत्या. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, बोंडं फुटून पांढरी झालेली, आणि बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटांच्या पेरांना चिरा पडत होत्या. कांताबाईचा हात त्या दिवशी झरझर चालत होता. दुपारी भाकर खाताना हंसाबाई हळूच म्हणाली, "कांताबाई, थ्या बोर्डावरचं पुरं वाचलं का तू?"

"वाचलं न. नाव वाचलं."

"हं," हंसाबाई म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.

ते 'हं' कांताबाईच्या मनात कुसळासारखं रुतलं. कपड्यात कुसळ शिरलं की दिसत नाही, पण हललं की टोचतं. संध्याकाळी ॲपे फाट्यावर आला तेव्हा ती एकटीच उतरली. हंसाबाईनं जाता जाता तिच्या तळहातावर ती गोळी ठेवली. "खाल्ली नाई मी. खाववलीच नाई," म्हणाली.

उन्हं कलली होती, पण अक्षरं दिसत होती. कांताबाईनं पहिल्यापासून वाचायला घेतलं. वरची जाड ओळ तिला जमली नाही, फार जोडाक्षरं होती. मग ती मैत्रेयीच्या नावावर आली, तिथून एक ओळ खाली उतरली. "सि... क... ल..." पुढचं 'सेल' तिला वाचावंच लागलं नाही. तो शब्द तिनं अक्षरं शिकायच्या आधीपासून पाहिला होता. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल कार्डावर तोच शब्द होता. ते कार्ड तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, सहा वर्षं पडून होतं.

* * *

मैत्रेयी दुपारच्या सुट्टीतच घरी आली होती. भिंतीकडं तोंड करून पडली होती. कांताबाईनं तिच्या गुडघ्यांना हात लावून पाहिलं. थंडीत तिची हाडं दुखायची, सांधे सुजायचे.

"दुखून राह्यलं का बाई?"

"नाई."

"मंग?"

मग भिंतीशीच बोलावं तशी ती बोलली. "पोट्टे मले हात लावून पळतात. ज्याले हात लागला त्यानं दुसऱ्याले लावाचा. म्हणतात, शिवलं का सिकल होते."

अशी शिवाशिव कांताबाईला ठाऊक होती. तिच्या आजीच्या बोलण्यात ती असायची. ती संपली असं तिनं धरलं होतं.

"सरले कोणं सांगतलं, आजी? तूच न?"

"मीच सांगतलं. जूनमंदी सांगतलं. पोरीले खेळात पळवू नका म्हणून सांगतलं. बोर्डावर लावा म्हणून नाई सांगतलं!"

"मी नाई जात आता शाळेत," मैत्रेयी म्हणाली.

मैत्रेयीचा बाप राजदीप आणि त्याची बायको हंगामापुरते आर्णीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. कापूस संपेपर्यंत तिकडंच खोली करून राहायचे. कांताबाईनं फोन लावला. मागं जिनिंगाची घरघर चालू होती. राजदीपनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता बोंबलून काय फायदा, आई? गाव आठ रोजांत विसरते."

"पोरगी जात नाई म्हणते."

"नसन जात तं सोमवारी येतो अन् तिले इकडंच घेऊन जातो. मायजवळ राहीन. सरकी निवडीन बसल्या बसल्या."

"त्या धुरळ्यात? श्वास कोंडते तिचा. अन् सातवी?"

"मंग काय करू सांग," राजदीप म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "अन् तू हाय न थ्या शाळेच्या समितीत? तुले कसं मालूम नाई?"

कांताबाईनं फोन ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी तिनं वेचणीचा खाडा केला आणि धुतलेलं लुगडं नेसून शाळेत गेली.

मुख्याध्यापक अनंत सर व्हरांड्यात उभे होते. यवतमाळवरून रोज मोटारसायकलनं येणारा वाळका, चष्मेवाला माणूस. सात वर्गांना दोन शिक्षक. खडूसुद्धा ते स्वतः घेऊन यायचे. सातवीच्या खोलीचे पत्रे सडले होते. पावसाळ्यात लेकरं पाचवीच्या खोलीत बसायची आणि पाचवीची व्हरांड्यात. चार वेळा सरांनी वर अर्ज धाडला होता. गावात सरांना कोणी वाईट म्हणत नव्हतं. कांताबाईही म्हणत नव्हती, आणि म्हणूनच तिला बोलणं जड जात होतं.

"सर, थो बोर्ड काढा."

"कोणता? अहो, तो शहरातल्या संस्थेचा फ्लेक्स आहे. तेवीस बाकं दिली त्यांनी. बाई, आपल्याला वरून काय मिळतं तुम्हाला माहीत आहे. सोमवारी पाहुणे येणार, फ्लेक्ससमोर मुलांना उभं करून फोटो घेणार, आणि मग पत्रे मिळणार. त्यांना आजारी, गरजू मुलांची यादी लागते. त्याशिवाय कोणी देत नाही हो."

"पण माह्या पोरीचा रोग कायले लिवला?"

सर आत गेले आणि कपाटातून लांब, लाल कापडी पाठीचं ठरावाचं पुस्तक घेऊन आले. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं.

"ही सही कोणाची?"

कांताबाईनं पाहिलं. सहा सह्यांमध्ये तिची सही लगेच ओळखू आली, कारण ती एकटीच वाचता येत होती. बाकीच्यांची नुसती वेटोळी.

चौपन्न वर्षं तिनं अंगठा लावला होता. अंगठ्याची शाई भाकर थापतानाही निघायची नाही. दोन वर्षांमागं गावात म्हाताऱ्यांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला आणि शिकवायला शाळेतलीच लेकरं बसवली. पाचवीतली मैत्रेयी तिची मास्तरीण झाली. "आजी, काना सरळ दे. वाकडा दिला तं पडते थो." शाळेच्याच बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, कांताबाईनं परीक्षा दिली होती. समितीत निम्म्या बाया लागतात, म्हणून सरांनी तिला पालक म्हणून घेतलं. महिन्याच्या सभेत चहा व्हायचा, मग पुस्तक फिरायचं. सर बोट ठेवतील तिथं ती जीभ दातात धरून सही करायची. अनुस्वार शेवटी द्यायची, ओळीत सरकी टोबावी तसा नेमका. त्या पानावर वर काय लिहिलं आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. सही करता येते, याचाच आनंद इतका होता.

"वर काय लिवलं, वाचून दाखवा."

सरांनी वाचलं, रोजची प्रार्थना म्हणावी तसं भरभर. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. ठराव क्रमांक चार, सर्वानुमते..." तेवढ्यात आत चौथीत रडारड झाली. सरांनी पुस्तक मिटलं. "शनिवारी सभा आहे ना. तिथे मांडा. पण बाई, एक सांगा, पत्रे पाहिजेत की नको?"

कांताबाईनं दारातून सातवीच्या खोलीत पाहिलं. सडक्या पत्र्यातून उन्हाचा कवडसा फळ्यावर पडला होता.

* * *

मग शनिवारपर्यंतचे दिवस गेले, पण सरळ गेले नाहीत. ती वेचायला जायची आणि मधेच एखादं झाड तसंच सोडून पुढं निघायची. मालक ओरडायचा, "बुढे, डोळे घरी ठेवून आली काय?" ती परत मागं यायची. रात्रीची झोप लागत नव्हती, आणि दिवसा हात रिकामा राहिला की तो आपोआप ओटीची गाठ सोडायचा आणि पुन्हा बांधायचा.

चक्कीवर दळण घेऊन गेली तर चक्कीवाली म्हणाली, "मालूम नव्हतं वो तुमच्या घरात असं हाय. पोरीच्या बापाले हाय का मायले? तुमची धाकटी भाची हाय न लग्नाची, तिलेबी असन मंग?" बाई वाईट मनानं बोलत नव्हती. चौकशीच करत होती. कांताबाईनं पीठ गरम असतानाच डोक्यावर घेतलं आणि निघाली.

तांड्यावरची रामीबाई वाटेत भेटली. तिचा पोरगाही फ्लेक्सवर होता, त्याच्या नावाखाली 'फिट येणे' लिहिलेलं. रामीबाई रडत नव्हती, चिडलेली होती. "माहा पोरगा झाडावर चढते, विहिरीत पवते. सहा सालांत एकदा फिट आली. आता त्याले कोणी विहिरीवर येऊ देत नाई. मी गेलती समितीच्या अध्यक्षाकडं. गुलाबसिंग म्हणते, फुकट मिळून राह्यलं तं तोंड काहून वाकडं करता."

"शनिवारी येजो सभेले," कांताबाई म्हणाली.

"येतो. पण बोलाचं काय? पुस्तकात सही हाय म्हणतात."

"माहीच हाय सही."

"मंग?"

कांताबाई घरी आली. मैत्रेयी अंगणात बसून तूर निवडत होती. चार दिवस दप्तर खुंटीला होतं.

"मले सरचं अक्षर शिकव," कांताबाई म्हणाली.

"सरचं अक्षर?"

"छापील वाचता येते मले. फळ्यावरचं येते. पण थे पुस्तकातलं येत नाई. थे पळते."

मैत्रेयी हलली नाही. "आता शिकून काय करशीन? करून बसली न सही."

हा दगड कांताबाईनं झेलला. ती तुरीच्या सुपाशेजारी मातीतच बसली. "व्हय. करून बसली. तूच शिकवली म्हणून करून बसली. अंगठा असता तं म्हटलं असतं, बुढीले काय समजते. आता तसंबी म्हणता येत नाई मले. सही शिकवली, तं वाचनंबी पुरं शिकव. अर्धं कायले ठेवते?"

मैत्रेयीनं सुपातला खडा उचलून फेकला. एक, दोन, तीन. मग उठली, खुंटीवरचं दप्तर काढलं आणि तिसरीपासूनच्या वह्या आणून ओतल्या. प्रत्येक वहीत पानापानाखाली सरांचे लाल शाईचे शेरे होते.

"हे पाय. सर 'र' असा काढतात, शेपटी लांब. 'शाबास' कसं लिवलं? 'श' अन् 'ब' चिपकले. 'शुद्धलेखन सुधारा.' हे वाच."

"शु... सु..."

"सरचा 'ण' पाहून घे. थो तीन काड्यांचा नसते, नुसती लाट असते."

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती लाल शेरे वाचत राहिली. 'अक्षर मोठे काढा.' 'पालकांची सही आणावी.' 'गैरहजर का?' वाचता वाचता एका पानावर ती थांबली. 'मैत्रेयी हुशार आहे. तब्येत सांभाळावी.' सरांच्याच हातचं. कांताबाईनं ते दोनदा वाचलं. माणूस असं लिहितो, आणि तसंही लिहितो.

"शिकलमंदी 'सेल' म्हणजे काय वो?" तिनं विचारलं.

"शिकल नाई, सिकल. सिकल म्हणजे विळा. इंग्रजी हाय. सेल म्हणजे रक्तातल्या बारीक गोळ्या, थ्या विळ्यावानी वाकड्या होतात." मैत्रेयीनं बोटानं मातीत विळा काढला आणि लगेच पुसून टाकला.

* * *

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीच्या खोलीत नव्या बाकांवर सभा बसली. अध्यक्ष गुलाबसिंग राठोड पांढऱ्या शर्टात, गाडीची किल्ली बोटात फिरवत. ट्रॅक्टरवाला, तोंडानं मोकळा, गावात वजनाचा माणूस. त्याचा नातू क्षितिज पाचवीत होता. समितीचे बाकी चौघं आले. रामीबाई आणि हंसाबाई समितीत नव्हत्या, पण पालक म्हणून मागं येऊन बसल्या. हंसाबाईनं कामाचा खाडा केला होता. कांताबाईला ते आत कुठंतरी लागलं.

चहा झाला. सरांनी पुस्तक उघडलं. आजची तारीख आणि पहिली ओळ आधीच लिहून ठेवली होती. सवयीनं त्यांनी ते कांताबाईपुढं सरकवलं आणि बोट ठेवलं. "इथे उपस्थितीची सही करा, म्हणजे सोमवारच्या तयारीचं बोलू."

कांताबाईनं पेन घेतलं नाही. ती त्या पहिल्या ओळीकडं पाहत होती. लांब शेपटीचे 'र', लाटेसारखा 'ण'.

"मागील... सभेचे... इतिवृत्त... वाचून... कायम... करण्यात आले."

खोलीत कोणाच्या तरी कपाचा आवाज झाला. सरांनी चष्मा वर केला.

"सर, वाचलं कुठं? सभा तं आता बसली."

"अहो, ती पद्धत असते. प्रत्येक सभेत तसंच लिहितात."

"लिवतात. पण वाचलं कुठं?"

गुलाबसिंग हसला. "कांताबाई, तुमी आता तपासणीले आल्या काय? वाचा वो सर, दोन मिनिटं लागतात. बुढीचं मन राखा."

"सर नाई वाचत," कांताबाई म्हणाली. "सर लय भरभर वाचतात. मी वाचतो."

तिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. वाचायला तिला दोन मिनिटं नाही लागली. बोट एका शब्दाखाली थांबायचं, ओठ हलायचे, मग शब्द निघायचा, विहिरीतून दोर ओढावा तसा. एकानं जांभई दिली. गुलाबसिंगची किल्ली टकटक वाजू लागली. कांताबाईच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता.

"ठराव... क्रमांक चार. विद्यार्थ्यांची नावे... छायाचित्रे... आजार... व घरची माहिती... संस्थेस देण्यास... व प्रसिद्ध करण्यास... सर्व पालकांची... संमती आहे."

"सर्व पालकांची?" रामीबाई मागून उठली. "मले कोणं विचारलं?"

"मलेबी नाई," हंसाबाई म्हणाली.

"समितीला विचारलं म्हणजे पालकांना विचारलं," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता. "मी शाळेसाठीच केलं हो. माझ्या घरी नाही नेली बाकं."

"हे मालूम हाय आमाले," कांताबाई म्हणाली. "अजून पुढं हाय."

ठरावाच्या खाली यादी डकवलेली होती. हीच यादी संस्थेला गेली होती. फ्लेक्सवर सहाच होती. यादीत त्रेचाळीस लेकरं होती, आख्खी शाळा. नाव, आजार, घरची माहिती, असे तीन रकाने. कांताबाईचं बोट पहिल्या नावावर गेलं. पहिलंच अक्षर अवघड. "क्षि..." ते तिनं सोडवलं. बोट आडवं तिसऱ्या रकान्यात सरकलं. ओठ हलले. हलले, आणि थांबले.

"वाच न," गुलाबसिंग म्हणाला. "थांबली काहून? वाच मोठ्यानं, तुलेच हौस होती."

कांताबाईनं तळहात पसरून पानावर ठेवला. भेगा पडलेला, पेरांवर चिरा असलेला हात. आख्खा रकाना त्याच्याखाली झाकला गेला.

"हे मी मोठ्यानं नाई वाचत," ती म्हणाली.

"काहून?"

"हे माह्या घरचं नाई."

ती उठली. पुस्तक छातीशी धरून गुलाबसिंगच्या बाकापर्यंत गेली, त्याच्यापुढं ठेवलं, आणि त्याला एकट्यालाच दिसेल असा हात बाजूला केला. मग पाठ करून उभी राहिली.

गुलाबसिंगची किल्ली थांबली. त्याची सून दिवाळीपासून दिसत नव्हती. गावाला तो वेगळं सांगत होता आणि गाव ऐकून घेत होतं. गावाला ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. त्या रकान्यात नेमकं काय लिहिलं होतं ते कांताबाईनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही, अगदी हंसाबाईलाही नाही.

"याडी ए," गुलाबसिंग त्याच्या बोलीत आईचं नाव घेत हळूच म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. "सर, हे कोणं लिवलं?"

"फॉर्ममध्ये रकाना होता, अध्यक्षसाहेब. रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो. पोरांनीच सांगितलं विचारल्यावर..."

"लेकरायले विचारलं?" आवाज चढला आणि तिथंच विरला. खालीच त्याची स्वतःची सही होती, वेटोळ्यावर वेटोळं. त्यानं ती पाहिली आणि पुस्तक मिटून टाकलं.

मग गुलाबसिंग उठला. "चला, थो बोर्ड उतरवू पहिले."

"थांबा," कांताबाई म्हणाली. "पहिले लिवा. नाई तं उद्या कोणी म्हणन, बुढी रागात होती."

सरांनी लिहिलं. लिहिताना त्यांचा हात सावकाश चालत होता, अक्षर मोठं येत होतं. ठराव चार रद्द. यादी परत द्या आणि तुमच्याकडची नक्कल फाडून टाका, असं संस्थेला पत्र. यापुढं घराघरात जाऊन विचारल्याशिवाय लेकरांचं काही बाहेर द्यायचं नाही. पत्र्यासाठी वर पाचवा अर्ज, आणि तो द्यायला सगळ्या पालकांनी मिळून जायचं. लिहून झाल्यावर त्यांनी पेन नाही, पुस्तकच पुढं केलं.

कांताबाईनं सगळं वाचलं. कोणी जांभई दिली नाही. मग तिनं जीभ दातात धरली, दोन शब्द लिहिले आणि त्याखाली सही केली.

सरांनी तिथूनच फोन लावला. दोन वाक्यं बोलले आणि ऐकत राहिले. "पाहुणे येणार नाहीत आता," ते म्हणाले. "पत्र्यांचंही... बघू म्हणाले." त्यांनी वरच्या कवडशाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. कांताबाईला त्यांची कीव आली, पण तिनं तसं काही म्हटलं नाही.

* * *

फ्लेक्स उतरवायला गुलाबसिंगनं ट्रॅक्टर आणला. ट्रॉलीवर चढून त्यानं स्वतः दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली पडला तसे दोघं-तिघं पुढं आले. गावात उतरलेला फ्लेक्स कोणी वाया घालवत नाही, कापसावर झाकायला लागतो, गोठ्याला लागतो.

"कोणी हात नाई लावाचा," कांताबाई म्हणाली. तिनं रामीबाईकडून विळा मागून घेतला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. एकेक चेहरा नावासकट, खालच्या ओळीसकट, चौकोनी कापून काढला. सहा तुकडे. पाच ज्याच्या त्याच्या घरच्यांच्या हातात घडी करून दिले, सहावा स्वतःच्या ओटीत टाकला. उरला हात जोडलेला साहेब आणि सहा भोकं.

"याचं काय करू?" गुलाबसिंगनं विचारलं.

"दोन घड्या घाला अन् सातवीच्या पत्र्यावर टाका. अवकाळी आला तं तेवढंच."

रामीबाई फिसकन हसली.

कांताबाई घरी आली तेव्हा मैत्रेयी उंबऱ्यात उभी होती. गावातून बातमी तिच्या आधी पोचली होती. कांताबाईनं तुकडा तिच्या हातात दिला. मैत्रेयीनं तो उलगडून पाहिला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

"अन् थ्या संस्थेजवळ यादी हाय थे?"

"पत्र धाडलं."

"पत्रानं परत येते का, आजी? मोबाईलमंदी असन. कुठी कुठी गेली असन."

"थे मले नाई मालूम," कांताबाई म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ती बोलली नाही. "नाई आलं तं पुन्हा धाडू. सही करता येते मले."

मैत्रेयी चूल फुंकायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुस्तकात काय लिवलं तू? हंसाकाकू म्हणे, सहीच्या वर काईतरी लिवलं."

कांताबाईनं राखेत बोटानं लिहून दाखवलं. *वाचुन केली.* आणि खाली नाव.

मैत्रेयीनं वाकून पाहिलं. मग तिचे खांदे हलू लागले. कांताबाई घाबरली, पोरगी रडते की काय. पण ती हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा.

"आजी! चू दीर्घ असते! 'वाचून'! सरकारी पुस्तकात चुकून आली तू!"

"मंग आता?"

"आता काय! सारं गाव पाहीन थे." मैत्रेयी उठली, राखेतला उकार तिनं पायानं पुसला आणि खुंटीकडं गेली. दप्तरात हात घालून लाल पेन आहे की नाही ते पाहिलं. "बाबाले फोन कर, येऊ नको म्हणा. सोमवारी मी जातो अन् सरकडून पुस्तक मागून दुरुस्त करून येतो."